शून्यापाशी

भाच्यानं नागपुराहून पेनड्राइव्ह भरून दिला.
सहा सॉफ्टवेअर, फलांचे आलेख काढणारी.
"मामा, बघा तुमच्या डब्यावर कोणतं चालते ते."
डबा म्हणजे शाळेचा संगणक,
तिनांतला जिवंत एक,
ज्याच्या पंख्यात मागच्या उन्हाळ्यात
कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं.

सोमवारी फॉर्म जायचा होता यवतमाळला.
रकाना पाच: निवडलेल्या सॉफ्टवेअरचे नाव.
रकाना सहा: निवडीचे कारण, एका ओळीत.
म्हणून रविवारी अकरावीची चार पोरं बोलावली,
गुल्हाने सर आपणहून आले.

पहिल्यानं आधी इंटरनेट मागितलं.
इंटरनेट आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर,
जिन्याच्या सातव्या पायरीपासून पुढं.
दुसऱ्यानं डॉलर मागितले, तेही दर वर्षाला;
गुल्हाने सरांनी चष्मा पुसला, म्हणाले, पुढचं घ्या.
तिसरं उघडेपर्यंत शेषरावनं चहा आणला,
चहा पिऊन झाला, कप विसळून झाले,
उघडलं, आणि लाइन गेली.

लाइन आली अडीचला.
चौथं देखणं होतं.
अन्वस्त असा काढला त्यानं, की
बैलाची शिंगं रंगवून पोळ्याला उभी केली.
साइनची लाट निळी, कोसाइनची केशरी,
अक्षांना बाण, बाणांना सावल्या.
"हेच घ्या," गुल्हाने सर म्हणाले, "तपासणीला बरं दिसते."

मी सवयीनं टाइप केलं: एक भागिले एक्स.
दोन फांद्या आल्या, एक वर, एक खाली,
आणि मधोमध
थेट तळातून माथ्यापर्यंत
एक उभी रेघ, लाल, ठसठशीत.

कोणी काही बोललं नाही.
मग मागच्या बाकावरून करिष्मा टेकाम:
"सर, हे रेघ कोठून आली?
शून्यावर तं काईच नाई म्हनलं होतं तुमी."

म्हटलं होतं. अठरा वर्षं म्हणतोय.
फळ्यावर तिथं पोचलो की हात आपोआप थांबतो,
खडू उचलतो,
पलीकडं जाऊन पुन्हा टेकतो.
ते उचलणं कधी वेगळं शिकवलं नाही मी.
या पोरीनं ते पाहिलं होतं,
वहीत उतरवून घेतलं होतं बहुतेक,
जसं बाकीचे सूत्र उतरवतात.

यंत्राला मधलं सहन होत नाही.
डावीकडचा शेवटचा ठिपका, उजवीकडचा पहिला,
दिसले दोन की जोडून मोकळं.
आमच्या गावातल्या सोयरिका जमवणाऱ्यांसारखं,
मी म्हणालो. पोरं हसली. करिष्मा नाही हसली.

पाचवं उघडलंच नाही.
सहावं राखाडी, जुनाट,
आकडे इतके बारीक की नाक काचेला लागतं,
रंग एकच, काळा.
त्यात मी काहीच टाइप केलं नाही. तिला म्हटलं, तू कर.
दोन बोटांनी, कळा हुडकत हुडकत तिनं केलं.
दोन फांद्या. मध्ये पांढरं.
ती जवळ गेली, बोट ठेवून पाहिलं शून्यापाशी.
काचेवर बोटाचा ठसा राहिला, तेवढाच.

पुढं हौसेनं मी साइन एक भागिले एक्स दिलं,
तर या शहाण्याचंही शून्याजवळ
शाईची दौत सांडल्यागत झालं.
"याच्या आत काय हाय?"
रेघा, म्हटलं. मोजता न येणाऱ्या.
"मंग दाखवत काऊन नाई?"
मला उत्तर होतं, पण लाइन जायची वेळ झाली होती,
आणि उत्तर लांब होतं.

रात्री फॉर्म भरला.
रकाना पाच भरायला काही त्रास नाही.
सहामध्ये आधी लिहिलं:
जिथे काही नाही तिथे हे काही काढत नाही.
गुल्हाने सरांनी फोनवर ऐकून घेतलं.
"हे वाचून साहेब काय समजतील?
तांत्रिक लिहा काहीतरी."

खोडलं. त्या चौकोनात उरलेल्या जागेत
बसेल एवढ्या अक्षरात लिहिलं:
जागा कमी घेते.